ॲटोमॉक्सेटिन सुरू करताय? पहिले तीन महिने असे काढा

डॉक्टरांनी एडीएचडीसाठी, म्हणजे लक्ष टिकत नाही, मन सारखं भरकटतं त्या त्रासासाठी, चिठ्ठीवर ॲटोमॉक्सेटिन लिहून दिलंय, स्ट्रिप घरी आलीय आणि अजून फोडायचा धीर होत नाहीये, अशा माणसासाठी हे लिहितेय. गोळी घ्यायची की नाही, हे तुम्ही आणि तुमचे मानसोपचारतज्ज्ञ ठरवा. घ्यायची ठरली तर कशी घ्यायची, रोज काय बघायचं, कुठे घाबरायचं आणि कुठे उगाच घाबरायचं नाही, एवढंच मी सांगू शकते.

मी डॉक्टर नाही. सांगलीत जीएसटीची रिटर्नं भरून देते. मार्केट यार्डातले हळदवाले, बेदाणेवाले, गावभागातली काही दुकानं असे माझे क्लायंट. ११ तारखेला जीएसटीआर-१ म्हणजे विक्रीचं रिटर्न, २० तारखेला ३बी म्हणजे कर भरायचं रिटर्न, उशीर झाला की दिवसाला ५० रुपये लेट फी. जिचं चित्त थाऱ्यावर नसतं तिने नेमका हाच धंदा का धरला, असं नवरा विचारतो. तारीख उरावर बसल्याशिवाय माझ्या हातून काही होतच नाही, म्हणून. एडीएचडीचं निदान चाळिशीच्या तोंडावर मिरजेत झालं, आणि ही गोळी आता दोन वर्षांहून जास्त काळ चालू आहे.

हे औषध आहे तरी काय

मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देताना नॉरएपिनेफ्रिन नावाचं रसायन सोडतात आणि काम झालं की ते परत आत ओढून घेतात. ॲटोमॉक्सेटिन हे ओढून घेणं अडवतं, म्हणून रसायन बाहेर जास्त वेळ राहतं. कपाळामागच्या भागात, जिथे क्रम लावणं, आवर घालणं ही कामं चालतात, तिथे त्याच वाटेने डोपामिनही थोडं वाढतं. नशेशी ज्या भागाचा संबंध, तिथे ते तसं वाढत नाही. त्यामुळे या गोळीची चटक लागत नाही. घरचे पहिला प्रश्न हाच विचारणार आहेत, म्हणून उत्तर तयार ठेवा.

सुरुवातीला हे डिप्रेशनवरचं औषध म्हणून तपासलं जात होतं. तेव्हा नाव टोमॉक्सेटिन. पुढे कॅन्सरवरच्या टॅमॉक्सिफेनशी घोटाळा होऊ नये म्हणून ते बदललं. अमेरिकेत नोव्हेंबर २००२ मध्ये एडीएचडीसाठी मान्यता मिळाली. स्टिम्युलंट (मेंदूला उत्तेजना देणारं औषध) नसलेलं, या त्रासासाठी मंजूर झालेलं हे पहिलं औषध. आपल्याकडे ॲक्सेप्टा, ॲटेन्ट्रॉल अशा नावांनी मिळतं. मेडिकलच्या काउंटरवरच स्ट्रिपमागचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम वाचून घ्या. १० आणि १८, २५ आणि ४० असे आकडे असतात आणि खोकी एकसारखी दिसतात.

मला आधी मिथाइलफेनिडेट दिलं होतं. ते स्टिम्युलंट. काम करायचं, खोटं कशाला बोलू. पण संध्याकाळी त्याचा असर उतरला की मी घरातल्या प्रत्येकावर वसकन ओरडायचे. शिवाय ते एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं, म्हणून बरीच दुकानं ठेवतच नाहीत. जे ठेवतात त्यांच्याकडे कधी असतं, कधी नसतं. महिन्याच्या १८ तारखेला गोळ्या संपल्यात आणि मी स्कूटरवरून दुकानं पालथी घालतेय, हे मला परवडण्यासारखं नव्हतं. ॲटोमॉक्सेटिन त्या कायद्यात येत नाही. डॉक्टरांची चिठ्ठी लागते, पण माल मिळतो.

आता दुसरी बाजू. सरासरीने पाहिलं तर स्टिम्युलंटचा परिणाम जास्त जोरदार असतो. हे आधीच मनाशी मान्य करून टाका, म्हणजे मैत्रिणीचा मुलगा दुसऱ्या गोळीने पहिल्या दिवशीच शहाण्यासारखा बसला, हे ऐकून तुमचा विरस होणार नाही. ॲटोमॉक्सेटिनची खासियत वेगळी. नीट लागू पडलं की ते दिवसभर असतं, सकाळी उठल्या क्षणापासून रात्री अंथरुणात पडेपर्यंत. ज्यांना चिंतेचा त्रास आहे, ज्यांचे डोळे-खांदे आपोआप उडतात, ज्यांना पूर्वी कसलं व्यसन होतं, अशांना डॉक्टर बऱ्याचदा हे आधी देतात.

स्टिम्युलंट नसलेल्यांमध्ये क्लोनिडिन आणि ग्वानफेसिनही आहेत. ती मुळात रक्तदाबाची औषधं, म्हणून मनाला येईल तेव्हा बंद करायची नसतात. क्लोनिडिन एकदम सोडलं तर बीपी उसळतं. व्हिलोक्साझिन अमेरिकेत २०२१ मध्ये मुलांसाठी आणि पुढच्या वर्षी मोठ्यांसाठी मंजूर झालं. मी यातलं काही घेतलेलं नाही, तेव्हा त्यांच्याबद्दल इथेच थांबते.

स्ट्रिप फोडण्याआधी

घरात तुमच्या नावाच्या जेवढ्या गोळ्या, सिरप, पंप, काढे, चूर्णं असतील ती टेबलावर मांडा, फोटो काढा आणि डॉक्टरांना दाखवा. 'बाकी काही चालू नाही' असं आपण तोंडाने म्हणतो आणि पर्समध्ये चार स्ट्रिपा असतात.

काही गोष्टी न विचारता सांगायच्या. काचबिंदू आहे का. त्यातल्या अरुंद कोनाच्या प्रकारात हे औषध चालत नाही. हृदयाचा त्रास, बीपी, कधी चक्कर येऊन पडणं. पूर्वीची कावीळ किंवा यकृताचं काही. घरात कुणाला बायपोलर (मूड कधी टोकाचा चढा, कधी टोकाचा खचलेला) आहे का. दिवस राहिलेत का, राहायची शक्यता आहे का, बाळ अंगावर पितंय का. दम्यासाठी साल्ब्युटामॉल, विशेषतः गोळी किंवा सिरपमधून, घेत असाल तर नाडी आणि बीपीच्या दृष्टीने ते महत्त्वाचं. एमएओआय गटातलं डिप्रेशनचं औषध चालू असेल किंवा गेल्या दोन आठवड्यांत घेतलं असेल तर ॲटोमॉक्सेटिन अजिबात घ्यायचं नाही.

आणखी एक मुद्दा, जो मला फार उशिरा समजला असता, डॉक्टरांनी स्वतःहून सांगितला म्हणून बरं. यकृतात सीवायपी२डी६ नावाचं एक एन्झाइम हे औषध मोडतं. बहुतेकांच्या शरीरात पाचेक तासांत औषधाची पातळी निम्म्यावर येते. काहींमध्ये जन्मतःच ते एन्झाइम कमजोर असतं, त्यांना त्याच कामाला वीस तासांहून जास्त लागतात आणि रक्तात औषध कितीतरी पट साठतं. फ्लुऑक्सेटिन, पॅरॉक्सेटिन, ब्युप्रोपिऑन ही औषधं हेच एन्झाइम अडवतात. त्यामुळे डिप्रेशनची गोळी आधीपासून चालू असेल तर तिचं नाव ठळक अक्षरात सांगा. अगदी छोट्या डोसलाही तुमचा जीव नकोसा होत असेल तर 'मी नाजूक आहे' असं समजून गप्प बसू नका. तुम्ही या गटातले असू शकता, आणि मग डोस वेगळ्या हिशेबाने वाढवतात.

पित्तासाठीच्या ओमेप्राझोलने या औषधाच्या शोषणात फरक पडत नाही. सर्दीच्या गोळ्यांवर मात्र लक्ष ठेवा. त्यातल्या अनेकांमध्ये फिनाइलएफ्रिन असतं, ते बीपी वाढवतं आणि ॲटोमॉक्सेटिनही वाढवतं. मेडिकलवाल्याकडून 'सर्दीचं काहीतरी द्या' ही सवय आता बंद.

एक सकाळ बीपी, नाडी आणि वजन मोजून लिहून ठेवा. पुढे धडधडलं की तुलना कशाशी करायची हा प्रश्न उरत नाही. मोठ्या माणसांत नाडी सरासरीने मिनिटाला पाचेक ठोक्यांनी वाढते. आधीचा आकडा माहीत असला की त्याने पोटात गोळा येत नाही.

खुणा आधी ठरवा

सगळ्यात महत्त्वाचं हेच, आणि नेमकं हेच कुणी करत नाही.

या औषधाचा असर दिसायला चार ते सहा आठवडे जातात, पुरता दिसायला बारा आठवडेसुद्धा. एवढ्या काळात आपण पूर्वी कसे होतो हेच आपण विसरतो. एडीएचडीवाल्याची स्मरणशक्ती तर विचारूच नका. मग कुणी विचारलं 'फरक पडला का?' की आपण त्या दिवशीच्या मूडप्रमाणे उत्तर देतो. भांडण झालेलं असेल तर 'काही उपयोग नाही', पगार झालेला असेल तर 'छान आहे'. डॉक्टर त्या उत्तरावर डोस ठरवणार, ही अडचण.

म्हणून गोळी सुरू करायच्या आधी तीन-चार खुणा ठरवा. 'एकाग्रता वाढली का' ही खूण होत नाही. डोळ्यांना दिसेल, दुसऱ्यालाही मोजता येईल अशी गोष्ट हवी. माझ्या अशा होत्या:

- २० तारखेच्या संध्याकाळी किती क्लायंटची ३बी भरायची राहिली आहेत.
- दूध उतू गेलं का.
- मिस्ड कॉल दिसूनही दुसऱ्या दिवसापर्यंत परत फोन केला नाही, असं कितींच्या बाबतीत झालं.
- नवरा काही सांगत असताना मी 'हो हो' म्हणाले आणि नंतर मला त्यातलं काहीच सांगता आलं नाही. ही खूण त्याने लिहायची, मी नाही.

लिहायला नवी डायरी आणू नका, ती चार दिवसांत हरवते. आमच्याकडे स्वयंपाकघरात कालनिर्णय लटकलेलं असतं आणि त्याच्या चौकोनांत दुधाचा हिशेब चालतो. त्याच चौकोनाच्या कोपऱ्यात मी अक्षरं लिहायला लागले. दूध उतू गेलं तर 'उ', 'हो हो' झालं तर नवऱ्याच्या हातचा 'ह'. सासूबाईंना वाटलं 'उ' म्हणजे उपास. त्यांनी कौतुकाने विचारलं, 'अगं, एवढे उपास कशाला धरतेस?' तेव्हा सगळी हकीकत सांगावी लागली. ती सांगायला एरवी मला फार दिवस लागले असते.

गोळी सुरू व्हायच्या आधीचे दोनेक आठवडे तरी असे भरलेले असू द्या. तो तुमचा ओपनिंग बॅलन्स. त्याच्याशिवाय पुढचा ताळेबंद कुणालाच लागणार नाही.

मुलाला औषध देत असाल तर खुणा बाईंशी बोलून ठरवा. वहीत गृहपाठ पूर्ण लिहून आणला का, डबा संपला का, मधल्या सुट्टीनंतर वर्गात वेळेत आला का. मुलांचं वजन आणि उंची दर काही महिन्यांनी मोजायची, कारण भूक कमी होते. डोस वजनावर ठरतो: साधारण किलोमागे ०.५ मिलिग्रॅमपासून सुरुवात आणि १.२ च्या आसपास मुक्काम.

पोट भरून म्हणजे किती भरून

औषधाच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की जेवणाबरोबर किंवा जेवणाशिवाय, कसंही चालतं. शोषणाच्या दृष्टीने ते खरंही असेल. पण मळमळ हा या गोळीचा सगळ्यात नेमाने येणारा त्रास, आणि रिकाम्या पोटी ती हमखास येते. चहा-बिस्किट हे पोट भरणं होत नाही. भडंग तर नाहीच. सांगलीची आहे म्हणून सांगते, मूठभर भडंगावर ही गोळी टिकत नाही. साधारण पाऊण-एक तासाने आधी तोंडाला पाणी सुटतं, मग मानेमागे घाम, मग पोटातून एक लाट. आपण तेव्हा नेमके विश्रामबागच्या सिग्नलला उभे असतो आणि पुढे ट्रॅक्टरची ट्रॉली.

तूप-तेल आणि प्रथिनं असलेला नाश्ता असला की ही लाट येत नाही, किंवा आली तरी नुसती हलवून जाते. थालीपीठ आणि लोणी. दोन अंडी आणि पोळी. शेंगदाणे भरपूर घातलेले पोहे, वर दही. रात्रीची भाकरी कुस्करून ताकात, सोबत शेंगदाण्याची चटणी. मी नाश्ता अर्धा झाला की गोळी घेते आणि उरलेला अर्धा तिच्यावर खाते. सोबत पेलाभर पाणी. कॅप्सूल असेल तर अख्खी गिळायची, उघडायची नाही. आतली पूड डोळ्यांची आग करते. चुकून फुटली तर हात धुवा, डोळ्यांना लागली असेल तर लगेच पाण्याने धुऊन डॉक्टरांना विचारा.

तरीही सकाळी जमत नसेल तर डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा: डोस सकाळी आणि संध्याकाळी असा विभागून घेऊ का, किंवा रात्रीच्या जेवणावर घेऊ का? विभागून घ्यायची सोय औषधाच्या अधिकृत सूचनांतच आहे. काहींना ही गोळी सुस्ती आणते, त्यांना रात्र बरी. काहींची झोप उडवते, त्यांनी सकाळ सोडू नये. तुम्ही कोणत्या गटात, ते पहिल्या आठवड्यात कळतं.

उपासाचं काय? संकष्टीला साबुदाण्याची खिचडी सकाळीच करून खाल्ली की काम भागतं. वरीचा भात आणि दाण्याची आमटी त्याहून बरी. निर्जळी किंवा चंद्रोदयापर्यंत काहीच न खाण्याचा नेम असेल तर त्या दिवसाची वेळ डॉक्टरांकडून आधी ठरवून घ्या. आमच्याकडे हा प्रश्न सासूबाईंनीच निकालात काढला: औषध घेणाऱ्याला उपास नसतो. यापुढे कोणाचं काय चालणार.

गोळी विसरली तर त्याच दिवशी आठवल्यावर घ्यायची. चोवीस तासांत ठरलेल्या एकूण डोसपेक्षा जास्त मात्र नाही. दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून दोन घ्यायच्या नाहीत. आणि आपल्या लोकांचा खरा घोळ विसरण्याचा नसतोच, 'घेतली की नाही?' हा असतो. त्यावर सात खणांची डबी, तीसच रुपयांची, पण दुसरा इलाज नाही. रविवारी भरायची. आजचा खण रिकामा म्हणजे घेतली, वाद संपला. डबी देव्हाऱ्यात, कपाटात, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये नको. नाश्त्याची ताटली जिथून उचलता त्याच फळीवर, डोळ्यांच्या उंचीला. घरात लहान मूल असेल तर हातभर वर.

पहिले आठवडे: काय सोसायचं, काय नाही

मोठ्या माणसांसाठी अधिकृत सुरुवात रोज ४० मिलिग्रॅम, किमान तीन दिवसांनी ८०, आणि कमाल १००. आपल्याकडे बरेच डॉक्टर १०, १८ किंवा २५ पासून सुरू करून सावकाश चढवतात. मलाही तसंच चढवलं. याने त्रास कमी होतो, पण असर दिसायलाही त्या प्रमाणात उशीर लागतो. बारा आठवडे योग्य डोसवर आल्यापासून मोजायचे, पहिल्या कॅप्सूलपासून नाही.

तोंड कोरडं पडतं. पाण्याची बाटली आणि बडीशेप जवळ ठेवा. दात किडू नयेत म्हणून साखरेच्या गोळ्या चघळू नका. बद्धकोष्ठ होतं, त्याला इसबगोल आणि पाणी. भूक मरते, आणि दुपारचं जेवण टाळलं की चारला डोकं दुखतं. म्हणून भूक नसली तरी घड्याळाकडे बघून जेवायचं. घाम जास्त येतो. स्वप्नं रंगीबेरंगी पडतात. मला आठवडाभर शाळेच्या परीक्षेची पडत होती आणि परीक्षेत जीएसटीचे प्रश्न. हे सगळं बहुतेकांचं काही आठवड्यांत ओसरतं.

दोन गोष्टी लोक लाजून सांगत नाहीत. एक, लघवी सुरू व्हायला वेळ लागणं, जोर करावा लागणं. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांनी हे आधीच सांगून ठेवावं. दुसरी, लैंगिक बाबतीतली. पुरुषांना ताठरतेची अडचण येऊ शकते, बायकांनाही इच्छा कमी झालेली जाणवते. डॉक्टरांसमोर तोंडाने बोलवत नसेल तर कागदावर लिहून कागद पुढे सरकवा. ते रोज हेच वाचतात.

आता जिथे थांबायचं नाही, लगेच फोन करायचा, ते. डोळे किंवा त्वचा पिवळी, लघवी गडद, अंगाला खाज, उजव्या बरगडीखाली दुखणं: यकृताला इजा फार क्वचित होते, पण होते. छातीत दुखणं, श्वास लागणं, भोवळ येऊन पडणं. पुरुषांमध्ये चार तासांहून जास्त टिकलेली ताठरता. आणि जीव नकोसा वाटणं, अचानक कमालीची अस्वस्थता, अंगात वेगळंच वारं शिरल्यासारखं वागणं. मुलांच्या आणि किशोरांच्या चाचण्यांत आत्महत्येचे विचार औषध घेणाऱ्यांमध्ये दर हजारी सुमारे ४ जणांना आले, बिनऔषधाची गोळी घेणाऱ्यांत कुणालाच नाही. म्हणून अमेरिकेत २००५ पासून माहितीपत्रकात ठळक चौकटीतला इशारा असतो. आकडा छोटा आहे, पण मुलगा घरात असेल तर पहिले काही महिने आणि दर वेळी डोस बदलल्यावर त्याच्याकडे नीट लक्ष द्या, सरळ विचारा. मध्यरात्री डॉक्टर मिळत नसतील तर टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. परिस्थिती हाताबाहेर वाटली तर सरळ दवाखाना गाठा.

असर कसा ओळखायचा

कॉफीसारखी किक येईल म्हणून बसलात तर निराश व्हाल. विरजण लावल्यावर दर अर्ध्या तासाने चमचा घालून बघितलं तर दही लागत नाही, तसं रोज स्वतःला चाचपू नका. कालनिर्णयावर अक्षर लिहा आणि कामाला लागा.

माझ्या बाबतीत पहिल्यांदा जे बदललं ते खुणांच्या यादीत नव्हतंच. सासूबाई म्हणाल्या, 'हल्ली दार आपटत नाहीस.' चिडचिड आधी उतरली, लक्ष नंतर बसलं.

लक्षाचं कसं झालं ते सांगते. १४ तारखेला पोर्टलवर २बी येतं, त्यात पुरवठादारांनी दाखवलेली बिलं असतात. ती क्लायंटच्या पर्चेस रजिस्टरशी एकेक ताडून बघायची, म्हणजे टॅक्स क्रेडिट किती मिळणार ते कळतं. एका हळदवाल्याचं रजिस्टर उघडलं होतं. शीटच्या मध्यावर एका बिलात शेवटचा आकडा जुळत नव्हता, तेवढ्यात फोन आला. 'मॅडम, ओटीपी आलाय, सांगू का?' ओटीपी घेतला, दुसऱ्याचं रिटर्न सबमिट केलं, फोन ठेवला. आणि मी त्याच ओळीवर परत आले. त्याच बिलावर, त्याच आकड्यावर. पूर्वी असा फोन म्हणजे फोन, मग व्हॉट्सॲप, मग चहा, मग खिडकीबाहेर कोण भांडतंय ते, आणि संध्याकाळी शीट बंद करताना 'सेव्ह करायचं का' असं कॉम्प्युटरने विचारलं की आठवायचं. त्या दुपारी कुठे घंटा वाजली नाही. रात्री भांडी लावताना लक्षात आलं की शीट पूर्ण झालीय.

कालनिर्णयावर 'उ' कमी झाले. 'ह' कमी झाले, तरी संपले नाहीत. त्यातले काही नवऱ्याच्या बोलण्याच्या दर्जामुळे आहेत असं माझं मत. मिस्ड कॉलच्या खुणेत फरक पडला नाही. फोन करायचा कंटाळा हा आजार नसून स्वभाव असावा. अशा खुणा पुढच्या भेटीत डॉक्टरांना जशाच्या तशा दाखवा: इथे फरक, इथे नाही. 'बरं आहे' यापेक्षा याचा त्यांना फार उपयोग होतो.

गोळी काय करत नाही तेही समजून घ्या. ती काम सुरू करून देत नाही. सुरू केलेल्या कामात टिकून राहायला मदत करते. सुरुवात करायला मला अजूनही शेजारच्या टेबलावर कुणीतरी बसलेलं लागतं, म्हणून भाचीला कॉलेजचा अभ्यास घेऊन ऑफिसात बोलावते. अलार्म, यादी, भिंतीवरचा तारखांचा तक्ता, सगळं होतं तसंच आहे. फरक इतकाच की आता अलार्म वाजला की मी तो बंद करून विसरत नाही, बहुतेक वेळा.

पुढे

योग्य डोसवर तीन महिने होऊनही कुठल्याच खुणेत फरक नसेल तर डॉक्टरांना तसं स्वच्छ सांगा. काहींना हे औषध लागू पडत नाही, दुसरे पर्याय आहेत. कंटाळून परस्पर बंद करू नका. ॲटोमॉक्सेटिन टप्प्याटप्प्याने न उतरवताही थांबवता येतं, क्लोनिडिनसारखा धोका यात नाही, पण बंद केल्यावर काय होतंय ते कुणीतरी बघायला हवं. शेवटची स्ट्रिप फोडली की त्याच दिवशी पुढची आणा. वेगळ्या कंपनीची मिळाली तर मिलिग्रॅम पुन्हा वाचा. प्रवासात चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये आणि गोळ्या हातातल्या पिशवीत, बसच्या डिकीत नाही.

आणि डोस वाढवणं, कमी करणं, वेळ बदलणं हे प्रयोग तुमच्या धंद्याच्या घाईच्या दिवसांत करू नका. शिक्षकांनी परीक्षेच्या हंगामात नको, द्राक्षवाल्यांनी छाटणीच्या धांदलीत नको. मागच्या भेटीत डॉक्टर म्हणाले, थोडा कमी करून बघू या, तेवढ्यावर भागतंय का. मी म्हटलं, डॉक्टर, वार्षिक रिटर्नाची तारीख ३१ डिसेंबर आहे, जानेवारीत बघू. त्यांनी चिठ्ठीवर तसंच लिहिलं.